तार, स्क्रू की पट्टी? हाताच्या मोडलेल्या हाडाची जोडणी

एकाच गावातल्या दोघांचे हात मोडतात. एकाचा डिझेल इंजिनचे हँडल उलटे फिरून, दुसऱ्याचा गाडीचे जू हातावर पडून. दोघेही शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतात. एकाच्या हातातून दोन बारीक तारांची टोके बाहेर डोकावत असतात. दुसऱ्याच्या हाताच्या पाठीवर टाक्यांची रेघ असते आणि एक्स-रेमध्ये आत धातूची पट्टी व चार-सहा स्क्रू दिसतात. मग पारावर चर्चा रंगते. पट्टीवाल्याचे काम पक्के झाले, तारवाल्याला डॉक्टरांनी स्वस्तात गुंडाळले, असा निकालही लागतो. तारवाला बिचारा घरी येऊन विचारात पडतो, आणि घरची मंडळी आणखी कोठे दाखवावे काय याचा घोर लावून घेतात.

हा निकाल कितपत खरा? पट्टी तारेपेक्षा मजबूत असते, हे खरेच आहे. त्याचे रीतसर प्रयोग झालेले आहेत आणि त्यांची हकिकत पुढे सांगणार आहोत. परंतु पाय मोडणे वेगळे आणि हात मोडणे वेगळे. हाताच्या बाबतीत जे सर्वांत मजबूत तेच सर्वांत चांगले, हा हिशेब जुळत नाही. ज्याच्या घरचे सारे हातावर चालते त्याने तर हे नीट समजून घ्यायला हवे, कारण शस्त्रक्रियेनंतरचे निम्मे काम त्याला स्वतःलाच करायचे असते.

आधी हात म्हणजे काय ते पाहू. एका हातात २७ हाडे असतात. मनगटात ८ बारीक हाडे, तळहातात ५ लांबट हाडे आणि बोटांच्या पेरांत १४. तळहातातल्या पाच हाडांना डॉक्टर मेटाकार्पल म्हणतात. मनगटातली आठ सोडली तर बाकीची १९ हाडे लहान नळीसारखी आहेत, आणि आपला आजचा विषय याच १९ हाडांचा.

मांडीच्या हाडाभोवती मांस भरपूर असते. बोटाच्या हाडाभोवती ते नावालाही नाही. वर कातडी, तिच्याखाली बोट सरळ करणारा चपटा दोर आणि लगेच हाड. तळव्याच्या बाजूने बोट मिटणारे दोर जातात. या दोरांना कंडरा म्हणतात. विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशा या कंडरा हाडावरून सरकतात, म्हणून मूठ वळते आणि उघडते. हाड मोडले की तेथे रक्त साचते, सूज येते आणि पुढे तेथे चिकट जाळे तयार होते. त्या जाळ्यात कंडरा हाडाला चिकटून बसली, की हाड कितीही सरळ जुळले असले तरी बोट काठीसारखे ताठ राहते. असा हात ना विळा धरू शकतो, ना गाईची धार काढू शकतो.

हाताच्या डॉक्टरांना त्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. हाड हलू नये आणि बोट मात्र हलत राहावे. जोडणीची ताकद मोजायची ती याच कामासाठी.

जोडणीचे प्रकार

हाताच्या आत काय मोडले आहे हे दिसू लागले ते १८९५ सालापासून. त्या वर्षी जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि डिसेंबर महिन्यात आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. अंगठीसह हाताची हाडे दाखवणारा तो फोटो जगभर गाजला. त्याआधी सारा मामला चाचपून अंदाज बांधण्याचा होता.

आज जिला के-वायर म्हणतात ती तार जर्मन शल्यतज्ज्ञ मार्टिन किर्शनर यांच्या नावाची. १९०९ मध्ये त्यांनी ती वापरात आणली, तेव्हा तिचा उपयोग मोडलेल्या हाडाला ताण देण्यासाठी होत असे. पुढे तीच तार हाड शिवण्यासाठी वापरू लागले. हातासाठी साधारण ०.८ ते १.६ मिलिमीटर जाडीची, गंज न चढणाऱ्या पोलादाची, सरळ, टोकदार तार घेतात. हाड बाहेरूनच जुळवायचे आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत कातडीतून तार हाडात फिरवत घालायची. बहुतेक वेळा चिरा द्यावाच लागत नाही. हा या तारेचा सर्वांत मोठा गुण.

आता तुम्ही सुताराकडे उभे राहून पाहिले असेल. दोन फळ्या एकाच खिळ्याने जोडल्या तर फळी खिळ्याभोवती फिरते. एका तारेचे तसेच. म्हणून दोन तारा तिरप्या, एकमेकींना ओलांडून घालतात. त्यातही एक खुबी आहे. दोन्ही तारा नेमक्या मोडीच्या रेषेवरच एकमेकींना ओलांडत असतील तर पकड कमी पडते, आणि तुकड्यांमध्ये फट राहण्याचीही भीती असते. ओलांडण्याची जागा मोडीच्या वर किंवा खाली असावी लागते. तारेच्या जाडीचाही हिशेब मोठा विलक्षण आहे. तारेची जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा तिचा विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. ०.८ ची तार आणि १.६ ची तार यांत एवढे अंतर! मग सरसकट जाड तारच का घालत नाहीत? कारण करंगळीच्या पेराचे हाडच मुळी बारीक. जाड तारेने ते उलायचे.

दुसरा प्रकार मऊ तारेच्या टाक्याचा. हाडाला बारीक भोके पाडून त्यातून लवचीक तार ओवतात आणि पीळ देऊन आवळतात, कुंपणाची तार आपण पकडीने आवळतो तशी. असे दोन टाके एकमेकांशी काटकोनात घातले, किंवा एका टाक्याला सरळ तारेची जोड दिली, तर पकड बरीच वाढते.

तिसरा स्क्रू. हाड उसाच्या पेरासारखे आडवे तुटले असेल तर याचा उपयोग नाही. कलमाच्या कापासारखे लांब तिरपे तुटले असेल, म्हणजे मोडीची लांबी हाडाच्या जाडीच्या निदान दुप्पट असेल, तर स्क्रू उत्तम. जवळच्या तुकड्यात भोक मोठे पाडतात, त्यात स्क्रूचे आटे अडकत नाहीत. पलीकडच्या तुकड्यात भोक लहान, तेथे आटे धरतात. स्क्रू पिळला की पलीकडचा तुकडा ओढला जाऊन अलीकडच्याला घट्ट चिकटतो. असे दोन किंवा तीन स्क्रू घालतात. एकच घातला तर पुन्हा तीच एका खिळ्याची गोष्ट.

चौथी पट्टी. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील शल्यतज्ज्ञांनी एओ नावाचा अभ्यासगट स्थापन केला आणि हाडे पट्टी-स्क्रूने जोडण्याचे शास्त्र पद्धतशीर मांडले. पुढे हातासाठी लहान, पातळ पट्ट्या आल्या. आता टायटॅनियमच्याही मिळतात, आणि काहींमध्ये स्क्रूचे डोके पट्टीतच आटे धरून बसते. तळहाताच्या हाडाला पट्टी बहुधा हाताच्या पाठीकडून लावतात. त्याला कारण आहे. ऊस गुडघ्यावर मोडताना पाहा, गुडघ्याकडची बाजू दबते आणि बाहेरची बाजू उघडते. मूठ वळताना मोडलेल्या हाडाची पाठीकडची बाजू अशीच उघडू पाहते. पट्टी नेमकी तेथे बसली की ती बाजू उघडूच देत नाही.

प्रयोगशाळेतला निकाल

या जोडण्यांची ताकद कशी मोजतात? देहदान केलेल्या माणसांच्या हातांची हाडे, जनावरांची हाडे किंवा राळेपासून बनवलेली कृत्रिम हाडे घेतात. ती एकसारखी कापतात, वेगवेगळ्या प्रकारे जोडतात आणि यंत्रात धरून मोडेपर्यंत दाबतात. काही वाकवून पाहतात, काही पिळून पाहतात. काही वेळा मोडेपर्यंत न दाबता हलका भार हजारो वेळा देतात, कारण खरे बोट एकदाच वाकत नाही, दिवसभर वाकत असते. १९७९ मध्ये पेरांच्या हाडांवर आणि १९८५ मध्ये तळहाताच्या हाडांवर केलेल्या अशा तुलना प्रसिद्ध झाल्या आणि त्यानंतर आजतागायत कितीतरी झाल्या.

निकाल साधारण एकाच दिशेचे आहेत. वाकवण्याला सर्वांत जास्त दाद देत नाही ती पाठीकडून लावलेली पट्टी, आणि तिच्यासोबत तिरपा स्क्रू असेल तर आणखीच उत्तम. त्याखाली तारेचे टाके आणि सरळ तारेची जोड दिलेले प्रकार. नुसत्या ओलांडलेल्या तारा शेवटी. लांब तिरप्या मोडीत मात्र दोन-तीन स्क्रूसुद्धा भक्कम पकड देतात. अलीकडे डोके नसलेला एकच लांब स्क्रू हाडाच्या पोकळीतून, बांबूत सळई सारावी तसा, घालण्याची पद्धत आली आहे. तो वाकवण्यात तारांपेक्षा सरस ठरतो, पट्टीची बरोबरी मात्र सहसा करत नाही.

म्हणजे पारावरचा निकाल बरोबरच म्हणायचा? थोडे थांबा. यंत्रात धरलेले हाड मेलेले असते. ते स्वतः जुळत नाही, त्यावर कातडी नसते, कंडरा सरकत नसते. जिवंत हातात तारेची पकड दिवसेंदिवस सैल होते हे खरे, पण त्याच दिवसांत हाडाचा सांधाही भरून येत असतो. तार तीन-चार आठवडे टिकली म्हणजे तिचे काम झाले. ती जन्मभर टिकावी अशी अपेक्षाच नाही.

ताकद किती हवी?

खरा प्रश्न हा आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोजणी फार उपयोगाची आहे. मनगटाची शस्त्रक्रिया चालू असताना, केवळ तेवढी जागा बधिर केलेल्या जाग्या रुग्णांच्या कंडरांवर ताण मोजण्याचे उपकरण बसवून ती केली होती. दुसऱ्याने आपले बोट हलवले तर कंडरेवर ताण पडतो एका किलोपेक्षाही कमी. आपण स्वतः बोट मोकळे वाकवले, हातात काही न धरता, तर साडेतीन किलोपर्यंत. आणि चिमटीत काही घट्ट दाबून धरले तर बारा किलोपर्यंत!

या तीन आकड्यांत सारे आले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर तुम्हाला बोटे मोकळी हलवायला सांगतात. त्यासाठी लागणारी ताकद चांगल्या घातलेल्या तारांतही असू शकते. बादली उचलायला, धार काढायला, दावे ओढायला, खुरपे दाबायला लागणारी ताकद त्याच्या कितीतरी पट असते, आणि त्या वेळी पट्टीसुद्धा वाकू शकते, तिचे स्क्रू उपटून येऊ शकतात. पट्टी घातली म्हणून पंधराव्या दिवशी ट्रॅक्टर धरणारे महाभाग आहेत. त्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

पट्टीची किंमतही लक्षात घ्यावी, आणि येथे पैशाची किंमत म्हणायची नाही. पट्टी बसवायची म्हणजे कातडी उघडायची, कंडरा बाजूला सारायची, हाडावरचे आवरण काही ठिकाणी सोडवायचे. जेवढी उलथापालथ जास्त, तेवढी नंतर चिकटण्याची भीती जास्त. तळहाताच्या हाडावर अजून थोडी जागा असते, तेथे पट्टी बरी सोसते. बोटाच्या पेरावर दोर आणि हाड यांच्यामध्ये पट्टीला जागाच नाही. तेथे बसवलेल्या पट्टीने बोट ताठ होण्याचे प्रमाण बरेच असते. म्हणून पेराच्या मोडीत अनुभवी डॉक्टर तार किंवा बारीक स्क्रू पसंत करतात, आणि त्यात त्यांची काटकसर नसते.

उलट, तळहाताची दोन-तीन हाडे एकदम मोडली असतील, हाडाचा चुरा झाला असेल, मध्ये हाडाचा तुकडाच गेला असेल किंवा हाड आखूड होऊ पाहत असेल, तर तारांवर भागवणे धोक्याचे. मधला खांब ढासळला की शेजारचे त्याला सावरतात. शेजारचेच ढासळले असतील तर कोण सावरणार? अशा हाताला पट्टीच हवी. तळहाताचे हाड दोन मिलिमीटर आखूड झाले तरी बोट सुमारे सात अंश सरळ व्हायचे राहते.

लहान मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची जागा असते. तेथे स्क्रू-पट्टी घालत नाहीत. गरज पडलीच तर गुळगुळीत बारीक तारच. कडबा कुट्टीत किंवा मळणी यंत्रात सापडलेला हात हा तर वेगळाच प्रकार. तेथे जखमेत माती, भुसा, शेण गेलेले असते. अशा घाणीत सुरुवातीलाच मोठी पट्टी ठेवण्यापेक्षा जखम धुऊन, तारांनी किंवा बाहेरून लावलेल्या सांगाड्याने हाड धरून ठेवणे पुष्कळदा शहाणपणाचे असते.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. हाताच्या कित्येक मोडींना यांपैकी काहीच लागत नाही. हाड जागचे हलले नसेल तर शेजारच्या बोटाशी बांधून किंवा थोडे दिवस प्लास्टरमध्ये ठेवून ते उत्तम जुळते. डॉक्टर शस्त्रक्रिया नको म्हणाले तर नाराज होऊ नका.

जुळले असूनही फिरलेले

ताकदीइतकीच आणखी एक बाब महत्त्वाची, आणि ती यंत्र सांगत नाही. मोडलेला तुकडा स्वतःभोवती थोडा फिरून जुळला तर एक्स-रेमध्ये हाड छान सरळ दिसते, पण मूठ वळताच एक बोट दुसऱ्यावर चढते. तळहाताच्या हाडात अवघा पाच अंशांचा फरक पडला तर बोटाच्या टोकाशी तो दीड सेंटिमीटरपर्यंत जातो. आपला चांगला हात अर्धवट मिटून पाहा. सारी बोटे अंगठ्याच्या मुळाकडे झुकतात. मोडलेल्या हाताचे तसे झुकते का, हे डॉक्टर पाहतात, तुम्हीही पाहावे.

यासाठी एक सुधारणा फार चांगली झाली आहे. कॅनडातील डॉ. डोनाल्ड लालोंड यांनी जागेपणी हाताची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली. तेवढीच जागा बधिर करायची, रक्त थोपवणारे औषध त्याच इंजेक्शनात द्यायचे, दंडाला पट्टा आवळायचा नाही. मग हाड जोडून झाल्यावर डॉक्टर टेबलावरच रुग्णाला सांगतात, मूठ वळा पाहू. बोट चढते का, जोड हलतो का, ते तेथल्या तेथे दिसते. कमी वाटले तर आणखी एक तार घालता येते. आपल्याकडेही काही शल्यतज्ज्ञ ही पद्धत वापरतात.

घरच्यांनी काय सांभाळावे?

हात मोडल्याबरोबर अंगठी, कडे, बांगड्या लगेच उतरवा. तासाभरात सूज येते आणि मग अंगठी कापावी लागते. हात छातीच्या वर धरा. चोळू नका, ओढू नका. गावचा हाडवैद्य कितीही हातगुणी असो, हाताच्या पाठीवर जखम असेल तर तिच्यावर लेप लावू देऊ नका आणि करकचून पट्ट्या बांधू देऊ नका. आवळून बांधलेल्या पट्टीने बोटे काळी पडलेली माणसे डॉक्टरांकडे अजूनही येतात. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागते.

शस्त्रक्रियेनंतर तारांची टोके बाहेर असतील तर ती जागा कोरडी ठेवायची. गोठ्यातली कामे, शेणाचा सडा, धुणे-भांडी यांतून त्या हाताला रजा. ती घरातल्या बाईची असली तरी रजा, हे घरातल्या पुरुषांनी लक्षात ठेवावे. बायकांचा हात मोडला तरी चूल थांबत नाही आणि तार सैल होण्याचे तेच मोठे कारण असते. तारेभोवती लाली, ठणका किंवा पू दिसला तर तारीख येईपर्यंत थांबू नका.

डॉक्टरांनी सांगितलेली बोटे हलवायची, आणि सांगितलेलीच. दुखते म्हणून हात झोळीत टाकून बसणाऱ्याची मूठ पुढे वळत नाही. साधारणपणे तारा तीन ते चार आठवड्यांनी काढतात. त्याला भूल लागत नाही. त्या वेळच्या एक्स-रेमध्ये मोडीची रेघ अजून दिसत असते म्हणून घाबरू नये. हाताची हाडे दाबून दुखेनाशी होतात आधी आणि फोटोत भरलेली दिसतात कितीतरी महिन्यांनी. हलकी कामे सहा आठवड्यांच्या सुमारास आणि जड कामे दोन ते तीन महिन्यांनी सुरू होतात, पण प्रत्येकाचा दिवस डॉक्टरांनीच ठरवायचा.

पट्टी नंतर काढावी लागते का, असे पुष्कळजण विचारतात. कंडरेला घासत नसेल, खुपत नसेल, तर ती तशीच आत राहू शकते. बोट ताठ राहिले तर मात्र काही महिन्यांनी पट्टी काढून त्याच वेळी चिकटलेली कंडरा मोकळी करतात. शस्त्रक्रियेचा कागद व एक्स-रे जपून ठेवा. पुढे दुसऱ्या कोठल्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर आत कोणत्या धातूचे, कोणत्या मापाचे काय आहे, हे त्यावरूनच कळते.